बाईंच्या घरचा डावा स्पीकर

हे लिहिणारच नव्हते मी. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. मामाने दम भरला होता, "माझ्या कानाची दवंडी पिटलीस तर बघ." पण बाई म्हणाल्या, लिही गं, आणि बाईंपुढे मामाचं काही चालत नाही. सहावीतही चालायचं नाही. म्हणून एका दमात लिहितेय, चुका पोटात घाला.

माझ्या मामाला नाव आहे, पण ते फक्त कागदोपत्री. बाकी सगळे त्याला कान म्हणतात. दुकानात कान, गल्लीत कान, मामीच्या माहेरी कानराव. हे नाव ठेवलं त्याच्या गाण्याच्या बाईंनी. सहावीत असताना बावीस पोरं एकदम गात होती, एकाचा सूर घसरला, आणि कोणाचा घसरला ते बाईंच्या आधी मामाने बोट दाखवून सांगितलं. बाई म्हणाल्या, "हा मुलगा आहे की नुसता कान?" झालं. चिकटलं ते चिकटलंच.

पुढे त्याच कानावर मामाने पोट भरलं. सत्तावीस वर्षं तो एका स्पीकरच्या दुकानात आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला ऐकायची खोली आहे. भिंतींना जाड पडदे, मधोमध एकच खुर्ची, समोर स्पीकरच्या जोड्या ओळीने मांडलेल्या. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, मामा मागे उभा राहतो. कुणाला गाणी ऐकायची असतात, कुणाला घरातच थिएटर करायचं असतं, बहुतेकांना दोन्ही हवं असतं आणि खोली असते एवढीशी. मालक काउंटरवरूनच सांगतो, "कानाला विचारा."

आणि त्याच मामाच्या डाव्या कानात एका मोठ्या सर्दीनंतर शिट्टी सुरू झाली.

मोठी नव्हती. बारीक, लांब, कोणीतरी दूरच्या खोलीत 'ई' धरून बसल्यासारखी. सर्दी गेली, शिट्टी राहिली. मामाला वाटलं जाईल. आठवडा गेला, नाही गेली. मग एका सकाळी त्याने मामीचं गजराचं घड्याळ उचललं आणि उजव्या कानाजवळ धरलं. टिकटिक. हात लांब केला, तरी टिकटिक. मग डाव्या कानाजवळ धरलं. वीतभर अंतर झालं आणि टिकटिक गेली.

दुसऱ्या दिवशी परत मोजलं. वीतभर. तिसऱ्या दिवशी वीतभराला दोन बोटं कमी वाटली. आता बोटं कमी झाली की हात हलला, कोण सांगणार? रोज दात घासायच्या आधी हा कार्यक्रम. मामीने एकदा पकडलंच.

"अहो, घड्याळाच्या कानात काय सांगताय?"

"बंद पडलंय का बघत होतो."

"गजर वाजला म्हणून तर उठलात ना?"

डॉक्टरकडे जायचं नाव नाही. त्याचं गणित सोपं होतं. डॉक्टर कागदावर लिहून देणार, आणि एकदा कागदावर आलं की ते खरं होणार. मामाच्या डोक्यात रात्रंदिवस एकच घोळत होतं: कान गेला तर मी कोण? नावच तेवढं, धंदाही तेवढाच. त्यात मालकाने नवीन खूळ आणलेलं. एक छोटा माइक मोबाइलला लावायचा, खोलीत आवाज सोडायचा, आणि मोबाइल रेघ काढून दाखवतो, कुठे आवाज जास्त, कुठे कमी. मालक म्हणाला, "गिऱ्हाइकांना रेघ आवडते रे. तुझं तू कर, हे असू दे जोडीला." जोडीला! मामा हसला आणि मागच्या खोलीत जाऊन पडद्याकडे तोंड करून उभा राहिला.

अशात बाई आल्या.

म्हणजे त्याच बाई, सहावीच्या. आता शहात्तर वर्षांच्या. बरोबर त्यांचे मिस्टर, ऐंशीच्या घरातले, दगडाच्या खाणीत आयुष्यभर सुरुंग लावून निवृत्त झालेले. त्यांना सगळे काका म्हणतात. काकांना ऐकायला कमी येतं, पण सिनेमातला प्रत्येक स्फोट ते तपासून बघतात.

"काय रे कान," बाई म्हणाल्या, "ओळखलंस की विसरलास?"

मामा वाकला पाया पडायला, तर कान आणखी वाजला. तसाच उठला.

"आम्हाला एकच गोष्ट हवीय आणि आमचं दोघांचं पटत नाहीये," बाई म्हणाल्या. "मला गाणं ऐकायचंय. यांना स्फोट."

"स्फोट नाही, सिनेमा," काका म्हणाले.

"यांच्या सिनेमात दुसरं असतं काय?"

बाईंनी पिशवीतून कॅसेट काढली. त्यांच्याकडे अशा एकतीस कॅसेट आहेत, एकेका वर्षाच्या वर्गाची एकेक, सगळ्या शाळेच्या टेपरेकॉर्डरवर, एकाच माइकवर केलेल्या. जुनं कॅसेट प्लेअर अजून चालतं, पण त्याला जोडलेले स्पीकर फाटून गेलेत.

मामाने तीन जोड्या लावल्या. पहिली चकचकीत आवाजाची. ही जोडी दुकानात सगळ्यांना आवडते आणि घरी गेल्यावर आठवड्याभरात डोकं उठवते, हे मामा गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो, मालक कितीही डोळे वटारो. दुसरी गुबगुबीत, तिच्यात सगळे रजई पांघरून गातात. तिसरी साधी, लाकडी, दिसायला अगदी औषधाच्या पेटीसारखी.

बाईंनी डोळे मिटले. पहिल्या जोडीला म्हणाल्या, "ही पोरं माझ्या तोंडावर येऊन गातायत." दुसरीला म्हणाल्या, "ही शेजारच्या वर्गात गातायत." तिसरी लागली आणि त्यांनी मांडीवर ताल धरला. मग म्हणाल्या, "ही नुसती गातायत."

मामाचंही तेच मत होतं. पण तो मागे उभा होता आणि मनात म्हणत होता, माझं मत आहे की बाईंचं ऐकून झालं? शिट्टीतून ऐकलेलं मत धरायचं का?

काका मात्र कोपऱ्यातल्या गुडघाभर उंच सबवूफरवर हात ठेवून उभे होते. सबवूफर म्हणजे फक्त खालचा, जाड आवाज देणारा डबा. गाण्यात ढोलाचा, सिनेमात स्फोटाचा.

"हा हवा मला."

"काका, तुमच्या खोलीला हा झेपणार नाही. भांडी पडतील. हा लहान घ्या. आणि सबवूफर कुठे ठेवलाय ते ऐकून कळता कामा नये. कळलं तर तो चुकला."

"कळायचंच नाही तर घ्यायचा कशाला?"

"काढून घेतला की कळतो."

काकांनी डब्यावर थाप मारली. मग म्हणाले, "खरा सुरुंग आधी पायाला कळतो, मग कानाला. माझ्या पायाला कळलं पाहिजे. कानाचं माझं तसंही मिटलंय." आणि खो खो हसले. मामाला हसू आलं नाही. कानाचं मिटलंय असं इतकं सहज कसं म्हणतो माणूस?

तीन दिवसांनी मामा सामान घेऊन बाईंच्या घरी गेला. चार गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, एका भिंतीला पुस्तकांचं कपाट, समोर दोन खुर्च्या, त्यातल्या काकांच्या खुर्चीचा एक हात गुळगुळीत झालेला. डावा स्पीकर कपाटाच्या कडेला बसणार होता. कपाट हलेना, म्हणून मामाने त्याच्यामागे नुसता हात घालून तार जोडली.

इथे मामाची एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. स्पीकरच्या तारेत दोन पदर असतात, एक लाल खुंटीला लावायचा, एक काळ्या. कुठला कुठला ते ओळखायला एका पदराच्या अंगावर बारीक शीर असते. मामा ती डोळ्यांनी बघतच नाही. अंगठ्याच्या नखाने चाचपतो, शीर लागली की तो पदर लालला. अंधारात, कपाटामागे, पलंगाखाली, सत्तावीस वर्षं नखावर भरवसा. चष्मा दुकानात खिळ्याला टांगलेला असतो.

मग सबवूफर. त्याचीही पद्धत आहे आणि ती बघायला लोक शेजाऱ्यांना बोलावतात. मामाने सबवूफर उचलून चक्क बाईंच्या खुर्चीत बसवला, गाणं लावलं, आणि स्वतः गुडघ्यांवर येऊन खोलीभर रांगायला लागला. कान जमिनीच्या वीतभर वर. जिथे खालचा आवाज फुगत नाही आणि विरतही नाही, ती जागा सबवूफरची. खुर्ची आणि डबा यांची अदलाबदल, एवढंच तंत्र.

"सहावीतही असाच बाकाखाली सापडायचास," बाई म्हणाल्या.

"तेव्हा चिंचा शोधत होतो, बाई."

एरवी या रांगण्यात मामा सगळं विसरतो. त्या दिवशी मात्र तो रांगत होता आणि डाव्या कानातली शिट्टी बरोबर रांगत होती. खिडकीपाशी आवाज फुगला. दाराशी विरला. कपाटाजवळ नीट वाटला... की वाटला नाही? परत मागे गेला. परत पुढे. गुडघे सोलवटले. शेवटी काकाच म्हणाले, "तिथेच ठेव, पायाला लागतंय." त्याने तिथेच ठेवला.

आणि मग सगळं जोडून बाईंनी कॅसेट लावली.

मामा बाईंच्या खुर्चीमागे उभा राहिला. पोरं गायला लागली.

पोरं समोर नव्हतीच. एका माइकवर घेतलेलं गाणं दोन स्पीकरच्या मधोमध, भिंतीवर एका जागी दिसल्यासारखं उभं राहायला पाहिजे. इथे पोरं विखुरली होती. थोडी डावीकडच्या भिंतीत, थोडी उजवीकडे, थोडी चक्क डोक्यामागे. मधे भोक. आवाज पोकळ, रिकाम्या हौदात बोलल्यासारखा. दुकानात हीच जोडी नुसती गात होती!

महिन्यापूर्वीचा मामा असता तर दोन सेकंदांत उठून कपाटामागे गेला असता. हे रडगाणं त्याने हजारदा ऐकलंय, दुसऱ्यांनी जोडलेल्या घरांत जाऊन सोडवलंय. पण त्या दिवशी त्याच्या मनात दुसरं काही आलंच नाही. एकच आलं: गेला. डावा कान गेला. एका कानाने ऐकणाऱ्याला मधोमध कुठून दिसणार?

"कसं बसलंय रे?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"छान बसलंय, बाई."

सत्तावीस वर्षांत गिऱ्हाइकाला सांगितलेलं पहिलं खोटं. आणि ते कुणाला, तर नाव ठेवणाऱ्या बाईंना.

"हो का?" बाई म्हणाल्या. कॅसेटचा आवाज थोडा वाढवला. "छान."

काकांनी लगेच सिनेमा लावला. स्फोट झाला, खिडकीची काच थरारली, काकांनी पायाकडे बघून मान डोलावली. सबवूफर आपलं काम चोख करत होता. संवाद काकांना आधीही कळत नव्हते, आताही कळले नाहीत.

मामा तिथून पळालाच म्हणा ना. चहा अर्धा टाकून.

पुढचे तीन आठवडे. ते मामी सांगते तेव्हा अजून तिचा आवाज चढतो. घड्याळ दिवसातून चारदा. जेवताना मामा मान उजवीकडे वळवून बसायचा. दुकानात गिऱ्हाईक आलं की आपणहून म्हणायचा, "मोबाइल लावू या, रेघ बघू." मालक खूश. म्हणाला, "बघ, पटलं ना शेवटी?" मामाला ते सुरीसारखं लागलं. बाईंचा दोनदा फोन आला, मामाने कानाडोळा केला, आणि हे सांगताना आता तो स्वतःच म्हणतो, त्या दिवसांत मला कानाडोळा तेवढा जमत होता.

तिसऱ्यांदा बाईंनी दुकानाच्या फोनवर केला. मालकाने उचलला.

"तुझ्या बाई होत्या," मालक हिशेबाच्या वहीतून डोकं न काढता म्हणाला. "विचारत होत्या, जुन्या कॅसेट कुठे देता येतील का. एकतीस आहेत म्हणे."

"कशाला देतायत?"

"आता नीट ऐकू येत नाही म्हणाल्या. वयच झालं, ठेवून काय करू म्हणाल्या. मी सांगितलं, कॅसेट कोण घेतंय हल्ली, रद्दीवाल्याला द्या. उद्या येतोय म्हणे त्यांच्याकडे."

मामाने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

त्याला वाटलं ते असं: मी फुटक्या कानाने बाईंना जोडी निवडून दिली. वाईट निवडली. त्या बिचाऱ्या स्वतःला दोष देतायत. माझ्या लाजेपायी एकतीस वर्षांची पोरं रद्दीत चाललीत. तो तडक निघाला. मालक ओरडला, "अरे, चष्मा तरी घे, नेहमी विसरतोस!" तेव्हा कुठे खिळ्यावरचा चष्मा खिशात टाकला. चार गल्ल्यांत त्याने वाक्य पाठ केलं. बाई, माझा कान गेलाय. बाई, माझा कान गेलाय. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत वाक्य राहिलं आणि धीर संपला.

दार काकांनी उघडलं. आत जमिनीवर खोका, त्यात कॅसेट उभ्या लावलेल्या, बाई खाली बसून एकेकीवरचं वर्ष वाचत होत्या.

"अरे, ये ये. फोन उचलत नाहीस. रागावलास?"

"बाई," मामा दारातच म्हणाला, "माझा कान गेलाय."

पाठ केलेलं पुढचं सगळं विसरला. मग तुटक तुटक बोलला, शिट्टी, घड्याळ, वीतभर, त्यातही दोन बोटं कमी. "त्या दिवशी मी खोटं बोललो. मला तुमची पोरं समोर ऐकूच आली नाहीत. विखुरली होती सगळी. मधे भोक. मी चुकीची जोडी दिली तुम्हाला. दुसऱ्या कुणाकडून निवडून घ्या."

बाईंनी हातातली कॅसेट खाली ठेवली. "विखुरलेली? मधे भोक?"

"हो."

"काही पोरं डोक्यामागे?"

"हो."

"अरे, मलाही तसंच ऐकू येतंय!" बाईंचे डोळे भरले. "मला वाटलं, माझेच कान गेले. तू म्हणालास छान बसलंय. कान म्हणतोय छान, म्हणजे माझंच वय झालं. दुकानात नीट ऐकू आलं होतं, चार दिवसांत गेले म्हटलं. कुणाला सांगायची लाज वाटली रे."

डोळ्यांत पाणी, दोघांच्याही.

काका गुळगुळीत हाताच्या खुर्चीतून मोठ्यांदा म्हणाले, "काय म्हणतायत?"

बाईंनी ओरडून सगळं सांगितलं. काकांनी ऐकलं, नाक चोळलं.

"म्हणजे दोघांचेही कान गेले? एकाच दिवशी? एकाच खोलीत? साथ आलीय का कानांची?"

बाईंनी पदराने डोळे पुसले.

"आमच्याकडे सुरुंग उडाला नाही," काका म्हणाले, "तर आम्ही अर्धा तास गप्प बसायचो आणि मग आधी तार बघायचो. माझे कान गेले का काय, असं कुणी रडत बसायचं नाही. तुम्ही तार बघितली का?"

मामाने कपाटाकडे बघितलं. दोन माणसांचे कान एकसारखे बिघडत नाहीत. दोघांना एकच चूक ऐकू येत असेल तर चूक कानात नाही, खोलीत आहे. एवढं शेंबड्या पोराला कळलं असतं.

काका आणि मामा दोघांनी मिळून कपाट ओढलं. मामाने खिशातून चष्मा काढला, मोबाइलचा उजेड पाडला आणि वाकून बघितलं.

तारेचं रीळ नवीन होतं. एका पदरावर नेहमीची शीर. आणि दुसऱ्या पदरावर कंपनीने काहीतरी उठावाच्या अक्षरांत छापलेलं. नखाला दोन्ही सारखंच. उजव्या स्पीकरला नखाने शीर धरली होती, डाव्याला अक्षरं. पदर उलटे. एक स्पीकर आवाज पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता, आणि मधल्यामधे पोरं हवेत विरत होती.

"काय झालं?" बाई.

"नख चुकलं," मामा म्हणाला आणि कपाटामागे तसाच बसून हसायला लागला. हसता हसता रडायला लागला. मामी म्हणते तो बायकोसमोर कधी रडला नाही. बाईंसमोर रडला.

पदर बदलायला मिनिट लागलं. कॅसेट लावली. आणि भिंतीवर, दोन स्पीकरच्या बरोबर मधे, दोन हातांच्या जागेत बावीस पोरं येऊन उभी राहिली. एकमेकांना चिकटून, ढकलाढकली करत, नुसती गात.

"ही कुठल्या वर्षाची?" मामाने विचारलं.

"तुझ्याच. हा ऐक, आता... हा! हा तू. सगळ्यांच्या आधी सुरू करतोस. सांगून सांगून थकले, थांब जरा, बाकीच्यांचं ऐक."

मामाने ऐकलं. डाव्या कानात शिट्टी होतीच. तिच्या पलीकडे एक पोरगा घाईघाईने सगळ्यांच्या आधी गात होता.

दुसऱ्या दिवशी रद्दीवाला नुसतीच वर्तमानपत्रं घेऊन गेला. आणि मामा मामीला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे. कागदावर आलंच: डाव्या कानाचा अगदी वरचा टप्पा, म्हणजे सगळ्यात बारीक आवाज ऐकायचा, थोडा गेलाय, शिट्टी कदाचित राहील, बाकी शाबूत. मामाने तो कागद मालकाला दाखवला. मालकाने वाचला, परत दिला, म्हणाला, "मग वरच्या टप्प्यापुरता मोबाइल लाव. बाकी तू बघ." चष्म्याला मामीने दोरी शिवून दिली, आता तो गळ्यात असतो. घड्याळ मात्र मामा अजून कानाशी धरतो. रोज. भीती गेलीय असं मी म्हणणार नाही, फक्त आता अंतर मामी मोजते, आणि ती बोटं जास्तच सांगते.

मला राहून राहून ते तीन आठवडे आठवतात. चार गल्ल्यांच्या अंतरावर दोन माणसं, दोघंही आपलेच कान गेले म्हणून गप्प, आणि मधे एक उलटी तार.

शाळेत तुम्हाला कुणी नाव ठेवलं असेल, गायला किंवा नुसतं उभं राहायला शिकवलं असेल, तर त्यांच्याकडे जा. फोन नको, याच आठवड्यात जाऊन भेटा. इतक्या दिवसांनी काय म्हणून जाऊ असं वाटलं, तर सांगा, तार बघायला आलोय.